अडीचच्या खाली

त्रेचाळिसाव्या वर्षी मी एडमंटनच्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झालो आणि त्याच वर्षी अभियांत्रिकीच्या मुलांच्या एका फ्रॅटर्निटीने मला आपल्यात घेतले. फ्रॅटर्निटी म्हणजे शपथ घेऊन एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ. त्यांचे राहायचे घर असते, लिखित घटना असते, निवडलेले पदाधिकारी असतात. मी सहसा कुणाशी बोलत नसे. ती माझी भीड होती. त्यांना ते गांभीर्य वाटले आणि त्यांनी मला अभ्यासप्रमुख करून तिसऱ्या मजल्यावर खोली दिली.

उपाध्यक्ष मूळचा नागपूरचा होता. दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इकडे किचनर शहरात आलेला, मराठी बोलता बोलता इंग्रजीत शिरणारा. त्या घरात मला काका म्हणणारा तो एकटाच. जेवणाच्या टेबलावर तो माझ्या शेजारी बसे, कारण तिथे दुसरे कुणी बसत नसे. उपाध्यक्षाला तळमजल्यावरची ऐसपैस खोली मिळे. पद गेले की खोलीही जाई.

पहिल्या सत्राचे निकाल लागल्यावर पदाधिकाऱ्यांच्या गुणपत्रिका माझ्याकडे आल्या. पदावर राहण्यासाठी चारपैकी अडीचची सरासरी आवश्यक होती. त्याची दोन पूर्णांक दोन भरली. अशा वेळी काय करायचे ते घटनेत स्पष्ट लिहिलेले होते: अभ्यासप्रमुखाने त्या पदाधिकाऱ्याला एकांतात भेटावे, एका सत्राची मुदत द्यावी आणि तोवर ही गोष्ट दोघांपलीकडे जाऊ देऊ नये. ते कलम मी वाचलेले होते. परंतु समोर बसवून कुणाला त्याचे उणे सांगणे मला आयुष्यात जमलेले नाही. त्याच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा न ठोठावता परतलो.

मग मला सुचले ते आमच्या पुण्यातल्या कॉलेजचे. तिथे निकाल काचेच्या फलकात लागे, नावागुणांसकट, आणि नापासाने तो चारचौघांत वाचायचा असे. त्यात काही वावगे आहे असे आम्हाला कधी वाटले नव्हते. मी सातही पदाधिकाऱ्यांची नावे गुणानुक्रमे टाइप केली, अडीचपाशी एक रेघ ओढली आणि कागद स्वयंपाकघरातल्या नोटीस बोर्डावर लावून वर्गाला निघून गेलो. रेघेखाली एकच नाव होते.

दुपारी परतलो तेव्हा मंडळी बोर्डापुढे जमलेली होती.

"नव्या पोरांना टाइम मॅनेजमेंटवर लेक्चर देणारा हाच ना?" एकाने विचारले.

"एवढी जाड रेघ कशाला? खाली गर्दी थोडीच आहे," दुसरा म्हणाला.

उपाध्यक्ष टोस्टरपाशी पाठमोरा उभा होता. पावाला भोक पडले तरी तो लोणी लावतच राहिला. मला पाहून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या मला आवडल्या, हे इथे लिहिणे भाग आहे.

संध्याकाळी तो वर आला.

"काका, ते तुम्ही लावलं?"

"नियमच आहे तसा."

"नियम प्रायव्हेट मीटिंगचा आहे. तो सेक्शन मीच ड्राफ्ट केलाय."

मी टेबलावरची पुस्तके सरळ करू लागलो.

"मला एक टर्म मिळाली असती, मी ग्रेड्स वर आणले असते. आता सगळ्यांनी बघितलंय, रविवारी मला काढायला व्होट घेतायत. प्रेसिडेंट म्हणतो, तू काकांच्या अगेन्स्ट कम्प्लेंट दे, व्होट थांबेल."

नियम मोडल्याच्या त्या तक्रारीने त्याचे पद वाचले असते आणि माझे गेले असते. मला वेळेवर शब्द सापडत नाहीत, अशी माझी ख्याती आहे. त्या संध्याकाळी सापडले.

"हे बघ बाळा, तक्रार म्हटली की चौकशी आली, बोभाटा आला. किचनरमध्ये आपली माणसं किती, आणि त्यांना दुसरा उद्योग काय? तुझे मार्क आईच्या कानावर दुसऱ्याच्या तोंडून गेलेले चालतील तुला? आणि मी या वयात शिकायला आलोय. मला काका म्हणतोस ना? मग काकाविरुद्ध लिहून देणार?"

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"फाइन," तो म्हणाला. "नाही देत."

रविवारी हात वर करून मतदान झाले. मोजणी मीच केली. वर गेलेल्या हातांत माझाही होता. सोमवारी तो आपले सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून कुठल्याशा बेसमेंटमधल्या खोलीत राहायला गेला. बाहेर उणे सत्तावीस होते. पिशव्या नेताना त्याने दार उघडे ठेवले होते. घर गारठते म्हणून ते प्रत्येक फेरीला मी लावून घेत होतो आणि त्याला दर वेळी बेल वाजवावी लागत होती.

नवा उपाध्यक्ष एडमंटनचाच, स्वतःच्या घरी राहणारा. तेव्हा माझ्या गुडघ्यांचा विचार करून त्यांनी तळमजल्यावरची खोली मला देऊ केली. मी नको म्हणालो नाही.