बाबाजान गॅलरीत होता

बाबाजान शेखनं बावीस वर्षं बन्सीआण्णांची गाडी चालवली. पण तेवढ्या वर्षांत विधानभवनाचा उंबरा काही त्यानं ओलांडला नाही. आण्णा आमदार होते तेव्हा मुंबई-नागपूरच्या कितीतरी खेपा झाल्या. आण्णा फाटकातून आत जायचे आणि बाबाजान बाहेर झाडाखाली बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर सतरंजी टाकून बसायचा. आत कसं असतं, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि आण्णांनीही सांगितलं नाही.

आता त्याची सत्तरी जवळ आली होती. काष्टीत बाजारतळामागं दोन खोल्यांचं घर. बायको मुमताज तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी रुमाना गावातच शाळेत शिकवायची. सासर दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं संध्याकाळी डबा घेऊन यायची. बाबाजानचं डोकं मात्र लख्ख होतं. जुन्या गाड्यांचे नंबर, कुठल्या घाटात कितवं वळण कसं आहे, सगळं तोंडपाठ.

रुमानाच्या जन्माचा दिवसही तसाच पाठ होता. एकतीस वर्षांपूर्वीचा डिसेंबर. नागपूरला अधिवेशन चालू होतं आणि ऊसतोड मजुरांना अपघाताची भरपाई देणारा कायदा दुसऱ्या दिवशी मताला येणार होता. लोक त्याला कोयत्याचा कायदा म्हणायचे. आण्णा दुपारी निघणार होते. बॅग डिकीत गेली होती. तेवढ्यात मुमताजला कळा सुरू झाल्या, आणि सुईणीनं मूल आडवं असल्याचं सांगितलं. बाबाजान धावत आण्णांकडं गेला. म्हणाला, "आण्णा, आज दुसरा ड्रायव्हर बघा."

आण्णांनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"तू मागं बस तिच्यापाशी. गाडी मी घेतो."

"आन नागपूर?"

"तिथं हात वर करायला लई जन हायेत."

नगरपर्यंतचा रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी भरलेला. आण्णा हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मागच्या सीटवर बाबाजानच्या मांडीवर मुमताजचं डोकं होतं, आणि दर खड्ड्याला आण्णा पुढून ओरडायचे, "झालंच पोरी, आलंच नगर." दिवस मावळायच्या आत रुमाना जन्मली. दुसऱ्या दिवशी नागपुरात कायदा मंजूर झाला, तेव्हा आण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसून मुमताजसाठी आणलेलं दूध फुंकून निववत होते. मुमताज हे सगळं मरेपर्यंत सांगायची.

यंदा निवडणूक लागली आणि आण्णा पुन्हा उभे राहिले. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "कोयत्याचा कायदा मी मंजूर करून घेतला. चाळीस मिनिटं बोललो. विश्वास नसंल तर आमच्या बाबाजानला इचारा, तो गॅलरीत बसला हुता."

बाबाजान सभेत मागं उभा होता. त्याला हसू आलं. म्हातारा माणूस, भाषणाच्या भरात बोलून गेला असेल. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चार जणांनी त्याला विचारलं, गॅलरी कशी असते? बाबाजान म्हणाला, "मी कवाच गेलो न्हाई आत." ते हसले. त्यांना वाटलं, बाबाजान मोठेपणा घेत नाही. शेजारी आसाराम न्हावी बसला होता. तो गंभीरपणे म्हणाला, "असं कसं? त्या टायमाला तू नागपूरची संत्री आनली हुतीस की. माज्या पोराला दोन दिली. कायदा झाल्याचं तूच सांगितलंस आमाला."

"ते दुसऱ्या साली, आसाराम."

"न्हाई. त्याच साली. माझं पोर तवा चालायला शिकत हुतं."

आसाराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. बाबाजान अर्धा चहा तसाच ठेवून घरी आला.

त्या आठवड्यात एकदा नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करताना त्याला घंटा ऐकू आली. लांब, सलग वाजणारी, भिंतीत बसवलेली असावी तशी. त्यानं नळ बंद केला. घंटा थांबली. त्यानं नळ पुन्हा सोडला. मग डोळ्यांपुढं पायऱ्यापायऱ्यांची बाकं आली, लाकडी कठडा आला, आणि त्या कठड्यावर ठेवलेले स्वतःचे हात. हात तरुण होते. बाबाजाननं डोळे उघडले तेव्हा मोरीतलं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

तो तडक आण्णांच्या बंगल्यावर गेला. आण्णा एकटेच ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याला आपल्या शेजारी खुर्चीवर बसवलं. असं ते पूर्वी कधी करत नसत.

"आण्णा, त्या दिवशी आपन नागपूरला गेलोच न्हाई. मुमताजला तुमी गाडीतनं नगरला नेलं. इसरला का?"

आण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तसं काही दिसलं असतं तर बाबाजानला बरं वाटलं असतं.

"मला गाडी कुठं चालवता येती नीट?" आण्णा हळूच म्हणाले. "बाबाजान, मी हे तुला कधी बोललो न्हाई. तुझी बायको अडली हुती आन मी तुला नागपूरला घेऊन गेलो. पैल्या लेकराच्या टायमाला तू तिच्यापाशी न्हवतास. एकतीस वर्षं मला त्याचं वाईट वाटतंय." त्यांचे डोळे भरून आले. "माफ कर मला."

त्यांनी खरोखर हात जोडले. ज्या माणसानं त्याच्यासाठी आयुष्यातलं सगळ्यात भलं काम केलं होतं, तोच माणूस ते केलं नाही म्हणून माफी मागत होता. बाबाजान उठला आणि चप्पल न घालताच फाटकापर्यंत गेला. फाटकात पायाला खडे टोचले तेव्हा मागं फिरला.

पुढच्या रविवारी एका मंगल कार्यालयात दोन्ही मुख्य उमेदवारांची समोरासमोर चर्चा ठेवली होती. गोरक्ष नावाचा तरुण आपल्या मोबाईल चॅनलसाठी ती घडवून आणत होता. एका बाजूला आण्णा, दुसऱ्या बाजूला सुकन्याताई. ताईंचे सासरेही त्या काळात आमदार होते. बाबाजान रुमानाला घेऊन तिसऱ्या ओळीत बसला. आज सगळ्यांसमोर काय ते सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

कोयत्याच्या कायद्याचा विषय निघताच सुकन्याताई उसळल्या. "तो कायदा आमच्या मामंजींनी आणला. मी नवी नवरी होते, त्यांनी मला मुद्दाम अधिवेशन दाखवायला नेलं होतं. आण्णा त्या दिवशी तोंडसुद्धा उघडायला तयार नव्हते."

"मी चाळीस मिनिटं बोललो!" आण्णा म्हणाले.

"बाबाजानचाचांना विचारा की. ते गॅलरीत माझ्या शेजारीच बसले होते. मला त्यांनी शेंगदाणे दिले होते."

दोघांचं एकाही गोष्टीवर जमत नव्हतं. जमलं ते एवढ्यावरच, की बाबाजान तिथं होता. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. गोरक्षनं माईक त्याच्या हातात दिला.

बाबाजान उभा राहिला. त्यानं शब्द नीट जुळवले. "मी गॅलरीत न्हवतो. आण्णाबी न्हवते. आमी नगरच्या दवाखान्यात हुतो. आदल्या दिवशी आण्णांनी माजी बायको वाचवली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आण्णांनी स्टेजवरून हात जोडले. सुकन्याताईही समाधानानं मान डोलवत होत्या. बाबाजानला वाटलं, चला, झालं एकदाचं मोकळं.

घरी येऊन रुमानानं मोबाईलवर गोरक्षची क्लिप लावली. पडद्यावर बाबाजान उभा होता, त्याचाच सदरा, त्याचीच टोपी. आवाजही त्याचाच. "व्हय," तो म्हणत होता, "मी गॅलरीत हुतो. समदं डोळ्यांनी बघितलं." आणि टाळ्या.

"हे मी बोललो न्हाई."

रुमाना घाबरून त्याच्याकडं पाहायला लागली. "अब्बा, मी शेजारीच बसले होते. तुम्ही हेच बोललात. मला वाटलं, आण्णांची भीड पडली."

तिनं पुन्हा क्लिप लावली. तिसऱ्यांदाही लावली. मग आमदारांच्या भाषणांचं जुनं छापील इतिवृत्त तिनं नेटवर शोधून काढलं. कायदा चार मिनिटांत, चर्चेविना, आवाजी मतदानानं मंजूर झाला होता. कोण हजर, कोण गैरहजर, एकही नाव नव्हतं. चाळीस मिनिटांचं भाषण कुणाचंच नव्हतं. आणि बाबाजान कुठं होता, हे सांगायला मुमताज नव्हती.

"वही काढ," बाबाजान म्हणाला. "मी सांगतो तसं लिव. आत्ता लिव, रुमाना. उद्या मला आठवंल का न्हाई, म्हाईत न्हाई."

तिनं लिहिलं. कळा, किल्ली, उसाच्या गाड्या, दूध. मधेच तो थांबायचा, कान देऊन काहीतरी ऐकायचा, मग घाईनं पुढं सांगायचा. चार पानं झाली. शेवटी त्याच्या अंगाला घाम फुटला होता.

निवडणुकीत आण्णा पडले, सुकन्याताईही पडल्या; तिसराच कुणी निवडून आला. कायद्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बाबाजान पहिल्यासारखा टपरीवर बसू लागला. डोकं तसंच लख्ख. गाड्यांचे नंबर पाठ, घाटातली वळणंही. फक्त आता कुणी विचारलं तर तो गॅलरीबद्दल बोलायचा. खाली हिरवा गालिचा होता, घंटा वाजली की सगळे धावत आत यायचे, शेजारच्या नव्या नवरीला उपास होता म्हणून आपण शेंगदाणे दिले. सांगताना तो खुशीत असायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी रुमानानं ती वही आणली आणि त्याच्यापुढं बसून चारही पानं मोठ्यानं वाचली. बाबाजान मन लावून ऐकत होता. गाडी नगरच्या वेशीत शिरली तेव्हा त्यानं श्वास रोखून धरला.

"पोरगी जगली ना?" त्यानं विचारलं.

"जगली, अब्बा."

"अल्लाची मेहेरबानी." त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. "आन तो गाडी चालवनारा? ड्रायव्हरला मागं बसवून सोता गाडी घेतली. असा मानूस मिळायला नशीब लागतं. कोन हुता?"

रुमानानं वही मिटली. "बन्सीआण्णा."

बाबाजान तिच्याकडं पाहून हसला. लहान मुलाची चूक सांभाळून घ्यावी, तसं.

"न्हाई गं," तो म्हणाला. "आण्णा त्या दिवशी नागपुरात हुते. मीच नेलं हुतं त्यांना."