बॉक्सिंग म्हणजे काय, हे मी सोसायटीला सांगितलं

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. गणपतीच्या आदल्या रविवारी, सकाळी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ती सरावाला खाली उतरली, तर तिची ठोसे मारायची बॅग बीमवरून काढून कचऱ्याच्या डब्यापाशी टाकलेली. बॅग तरी कसली, पप्पांनी वाशी मार्केटातून आणलेलं तागाचं बारदान आणि त्यात ठासून भरलेल्या आईच्या जुन्या साड्या. बोर्डावर नोटीस होती: 'आवारात बॉक्सिंग, मारामारी इत्यादींस सक्त मनाई.'

बॉक्सिंग, स्वल्पविराम, मारामारी. माझं डोकंच फिरलं. तिची जिल्ह्याची निवड महिन्यावर आलेली. क्लब लांब, तोही फक्त शनिवार-रविवारी संध्याकाळी. रोज ठोसे मारायला जागा नसेल तर ही पोरगी रिंगमध्ये जाऊन करणार काय?

मला येतं एकच, पत्रक काढणं. काढलं. लिहिलं की इंग्रजीत हाताच्या तडाख्याला 'बॉक्स' म्हणतात. हा शब्द कित्येक शतकं जुना आहे आणि कुठून आला ते शब्दकोशवाल्यांनाही नक्की सांगता येत नाही. पेटीचा बॉक्स वेगळा, तो एका झाडाच्या लाकडावरून आला. लॅटिनवाले या खेळाचा शब्द मुठीवरून बनवायचे, आणि आपलं मुष्टियुद्धही मुठीवरूनच. मारामारीला नियम नसतात. इथे कमरेच्या पट्ट्याखाली मारलं तर पंच थांबवतो. दारोदार वाटलं.

मीटिंगला सगळे वाचून आले होते. चेअरमनकाका इथल्याच गावचे, त्यांच्याच जमिनीवर ही बिल्डिंग उभी आहे. ते म्हणाले, "झकास लिवलंय रे. पन शेवटी हानामारीच हाय ना ती?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बहिणीला म्हणाल्या, "उद्या नवऱ्याला धुशील हो!"

"काकू, त्याला आधी माझ्या वजनी गटात तरी बसू दे."

सगळे हसले. काकूही हसल्या. मग हात वर झाले. मनाई कायम. उठताना सेक्रेटरींनी माझा खांदा थोपटला, "मराठी मस्त आहे तुझं. गणपती मंडळाचं निवेदन तूच लिही या वर्षी."

त्यांनी पत्रकाला नावं ठेवली असती तर भांडलो असतो. कौतुकाशी भांडायचं कसं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

घरी पप्पा म्हणाले, "आता गप बस. भाड्यानं राहतो आपण." बहीण हाताच्या पट्ट्या गुंडाळत होती. "दादा, शब्दाचं राहू दे. मी उद्या मारू कुठं, तेवढं सांग."

तेव्हापासून ती गच्चीच्या जिन्यात हवेत ठोसे मारते, आणि वरून कुणी आलं की बाजूला होते.

म्हणून तुम्हाला विचारतो. पत्रक छान आहे, हे मला सांगू नका. नेरूळ, करावे, सीवूड्स, कुठेही राहत असाल, तुमच्या सोसायटीचा हॉल सकाळी बंदच असतो. त्याची चावी मागून घ्या आणि निवड होईपर्यंत तो हिला उघडून द्या. देता की नाही, एवढंच बोला.