भेटायला येणाऱ्यांना शेवंतानं लावलेलं काम

शेवंता गेल्याचा निरोप तिचा थोरला मुलगा घेऊन आला, तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन गिरणीकडं निघाले होते. डबा उंबऱ्यातच ठेवला आणि तशीच धावले. दहाव्यापर्यंत जो तो एकच बोलत होता, "सुटली बिचारी." महिना उलटून गेला, तरी त्या शब्दाचा माझा राग जात नाही. बिचारी? आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. बिचारी ती एक दिवसही नव्हती.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी शेक सांगितला. यंत्राखाली झोपवून किरणं सोडतात, त्याला आमच्याकडं शेकच म्हणतात. सकाळच्या एस.टी.नं बार्शीला जायचं, दुपारी परत. आधी काही वाटलं नाही, मग थकवा आला. तो कामाचा थकवा नव्हता. रात्रभर झोपून उठली तरी अंग गळालेलंच. वेणी घालायला हात वर धरवेना. शेंगाचटणी कुटून विकणारी ही बाई, चार घाव घातले की मुसळ टाकून भिंतीला टेकायची. मुलगा म्हणाला, "आई, चटणी बंद कर. गप पडून ऱ्हा."

"माज्या अंगात आता तांब्याभरच पानी हाय," ती म्हणाली. "त्यात तोंड धुवायचं का तुळशीला घालायचं, ते मी ठरवनार. तू न्हाय."

त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. माळशिरसची नणंद आली ती मुक्कामालाच. शेक म्हणजे उष्णता, असं धरून तिनं ताक पाजलं, सब्जा पाजला आणि एका सकाळी मायेनं डाळीचं पीठ लावून न्हाऊ घातलं. छातीवर निळ्या रेघा दिसल्या. "कसला ह्यो शाईचा राडा!" म्हणत घासून घासून काढल्या. किरणं कुठं सोडायची त्याच्या त्या खुणा होत्या! बार्शीला सगळी मापं पुन्हा घेतली, पुन्हा रेघा ओढल्या. दिवसभर बाकावर बसून शेवंता परतली, तेव्हा तिला ओट्याची पायरी चढवेना. तिथंच बसली. मला वाटलं, आता ही रडणार... तिनं शेंगांचं सूप ओढलं आणि नणंदेपुढं सरकवलं.

"वन्सं, तुमची माया लई हाय. पर ती आता हितं लावा."

त्या दिवसापासून नियमच झाला. भेटायला आलेल्यानं शेंगा फोडायच्या, दाणे भाजायचे, कुटायचं. शेवंता बाजेवर पडून तिखटमिठाचा हुकूम सोडणार. कोणी डोळ्याला पदर लावला की म्हणायची, "रडू नगा, चटणी खारट हुती." काहीजणी यायच्या बंद झाल्या. "झाक झालं," म्हणाली. ज्या येत राहिल्या त्यांना ती हातावर चटणी देऊन चव विचारायची, आणि चुकलं की झापायची. कधी बोलता बोलता झोप लागायची तिला. आम्ही कुटत राहायचो.

चटणी एक दिवस बंद पडली नाही. शेक संपला, थकवा हळूहळू उतरला, आणि पुढं काही वर्षं तिनं स्वतःच्या हातानं मुसळ चालवलं. मग दुखणं उलटलं. मला तिची आठवण येते, फार येते.

परवा मागच्या गल्लीतल्या हलिमाभाभींना बघायला गेले. भाभी अंथरुणात, भोवती बायका चुकचुकत बसलेल्या. 'कसं वाटतंय' हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं, पदर खोचला आणि विचारलं, "भाभी, काम काय राहिलंय तुमचं?"

भाभी उठून बसल्या.

"गोधडीची एक कड ऱ्हायलीय," म्हणाल्या. "पन टाके बारीक घाल हां... माज्यासारके."