बांधावरचं प्यादं

गोरखनं ते प्यादं खाल्लं आणि वर मांडीवर थाप मारली. तीही चार बघ्यांदेखत. त्यानंतर थोड्याच चालींत त्याचा कोपऱ्यातला हत्ती हनीफमामांच्या खिशात जाऊन बसला, आणि गोरख तीच मांडी चोळत राहिला.

"पावणं, चहा सांगा," धर्माजी म्हणाला.

हा धर्माजी एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. पायजमा शिवायला टाकायला म्हणून आला तो दुकानातच राहिला. पायजमा केव्हाच शिवून खुंटीला लागला होता, पण नेला की रोज यायला निमित्त उरत नाही, म्हणून तो नेत नव्हता.

ही शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात महंमद हनीफ यांचं शिलाईचं दुकान होतं. गोरख मूळचा मढचा, वीज मंडळात वायरमन, नुकताच जुन्नरला लागलेला. उसवलेली पँट घेऊन आला आणि बाकावरचा पट बघून बसला. पट म्हणजे शाळेच्या गणवेशांतून उरलेले खाकी नि पांढरे तुकडे जोडून मामांनी स्वतः शिवलेला. सोंगट्या लाकडी. काळ्याचा एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ उभं असायचं.

मामांची पहिली चाल ठरलेली. सगळं जग राजापुढचं नाहीतर वजिरापुढचं प्यादं काढतं. मामा डावीकडच्या घोड्यापुढचं दोन घरं सरकवायचे आणि मोकळ्या झालेल्या घरात उंट आणून बसवायचे. ते प्यादं कडेला एकटंच, त्याला कुणाचा आधार नाही.

"हे काय वो मामा?"

"बांध कोरतोय."

मामांना गुंठाभर जमीन नव्हती. पण गिऱ्हाईक सगळं शेतकरी. मापं घेता घेता सगळ्या तालुक्याची भांडणं त्यांच्या कानांवर जायची. आणि गोरखला तर तो शब्दच पुरेसा होता. चुलत्यानं बांधाकडून नांगराचं एक तास जास्त मारलं म्हणून त्याचे वडील भगवंत भरल्या ताटावरून उठले होते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. समोरचा बांध कोरतोय आणि आपण गप बसायचं, हे त्या घरात कुणाला जमलंच नव्हतं. त्यानं राजापुढचं प्यादं मधोमध आणलं होतं, ते सोडून उंट काढला आणि बांधावरचं प्यादं खाल्लं. मामांच्या उंटानं मधलं खाल्लं, मग त्याच तिरक्या रेषेत पुढचं खाल्लं, आणि शेवटी कोपऱ्यातलं रीळ.

दुकानाचा नियम असा, की हरलेल्यानं चहा सांगायचा आणि पुढच्या डावाला काळी घ्यायची. गोरखच्या वाट्याला काळी आली ती आलीच. मध्ये त्याचं लग्न झालं, सार्थक झाला, सार्थक शाळेत गेला. बायको वृषाली विचारायची, "तुमी पांढऱ्यानं खेळणार कवा?" काही वर्षं त्यानं ते प्यादं खायचं नाही अशी शपथ घेतली. मग मामा तेच प्यादं आणखी पुढं ढकलायचे, गोरखचा घोडा दचकून उठायचा आणि मधलं प्यादं उघडं पडायचं.

"तू खांबावर चढतोस ते बरंय," धर्माजी म्हणायचा, "खाली तुझं काय खरं न्हाई."

पुढं रेडीमेड कपडे आले. मामांना सुईत दोरा ओवायला धर्माजीची मदत लागू लागली, आणि धर्माजीला चष्म्याची. मामांचा मुलगा नौशाद मंचरला रेडीमेडचंच दुकान टाकून बसला होता. तो म्हणायचा, अब्बा, इकडं या. मामांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "गोरख काळ्यानं जिंकंल त्या दिवशी कुलूप लावतो."

सगळे हसले. गोरख सगळ्यांत जास्त हसला. पण अनवरीमामींनी एकदा चहा देताना त्याला हळूच गाठलं. "बेटा, एक बार जीत ले ना. तिकडं नातीला, आरफाला, शाळेत सोडायला कुणी न्हाई."

म्हणजे जिंकलं तर दुकान जाणार, आणि हरलं तर मामी नातीवाचून राहणार. त्यानंतर गोरखचं खेळात लक्ष लागेना.

अशाच एका दुपारी, लाइट गेलेली, वायरमन स्वतःच बाकावर बसलेला. मामांनी बांध कोरला. गोरखनं जुन्या सवयीनं प्यादं खाल्लं. मामांनी मधलं खाल्लं. इतकी वर्षं गोरख इथं आपण काय खाल्लं ते बघून खूश व्हायचा. त्या दिवशी खूश होण्यासारखं मनात काही नव्हतं, म्हणून तो नुसता पटाकडं बघत राहिला. आणि त्याला दिसलं. राजाकडचा घोडा पुढं काढला, की उंटाच्या वाटेत आडवा येतो. रीळ वाचतं. एवढंच व्हतं व्हय?

हात घोड्यावर गेला. मग नजर मशीनवर गेली, खुंटीवरच्या पायजम्यावर गेली, आणि हात मागं आला.

"हात लागलाय," मामा म्हणाले.

"चुकून लागला, मामा."

"चुकून लागलेला पण हातच असतो. चाल."

"मामा, राहू द्या की."

"गोरख." मामांनी पटावरून मान वर केली नाही. "मला उद्या परत हेच सांगायला लावू नकोस. चाल."

गोरखनं घोडा आडवा घातला. त्यापुढचा डाव मामांना ठाऊकच नव्हता. रीळ वाचल्यावर काय करायचं असतं ते त्यांना इतक्या वर्षांत कधी लागलंच नव्हतं. लाइट आली तेव्हा मात झाली होती. चहा कुणी सांगितला नाही. धर्माजी उठला, खुंटीवरचा पायजमा काढला आणि काखेत मारून निघून गेला.

पुढं गोरख कामासाठी मंचरला गेला तेव्हा नौशादच्या दुकानात शिरला. गल्ल्याशेजारी तोच खाकी पट. हरलेल्यानं काळी घ्यायची, म्हणून मामा मुकाट्यानं रिळाच्या बाजूला बसले. गोरखला आयुष्यात पहिल्यांदा पांढरी मिळाली होती. त्यानं डावीकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

मामांनी खुर्ची पटाजवळ ओढली.

"याला काय करायचं असतं रे?"

"मला इच्यारताय?"

"मी ह्या बाजूला कधी बसलोच न्हाई, राव."

तेवढ्यात आरफाची शाळा सुटायची वेळ झाली. "विचार करून सांगतो," म्हणत मामा उठले.

आता गोरख मधूनमधून मोबाइल लावतो. "मामा, चाल?"

"घाई कसली? सांगतो की."

मागून मामींचा आवाज येतो, गल्ल्याजवळचा तो पसारा उचलू का म्हणून. मामा ओरडतात, "हात लावू नका!"