बिनभोकाचा पट्टा: धसई ते डोळखांब

कंबरेचे पट्टे बनवणाऱ्या समस्त मंडळींविरुद्ध मला एक तक्रार नोंदवायची आहे. ही माणसं पट्ट्याला इंचाइंचावर पाच भोकं पाडतात आणि माणसाची कंबर त्यातल्या एकावर निमूटपणे येऊन बसेल असं गृहीत धरतात. माझी कंबर आयुष्यभर दोन भोकांच्या मधल्या ओसाड प्रदेशात राहिली आहे. अलीकडच्या भोकावर श्वास अडकतो, पलीकडच्यावर पँट घसरते. व्याकरणात अपवादासाठी निदान वेगळं सूत्र असतं. पट्ट्यात तीही सोय नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर हा वाद चिघळला. बक्कलाकडचं शेवटचं भोकसुद्धा सैल पडू लागलं. तेव्हा मी बायकोच्या, म्हणजे अलकाच्या, पोळपाटावर पट्टा आडवा घातला, खिळा लावला आणि हातोडीनं सहावं भोक पाडलं. काही महिन्यांनी सातवं. खिळा दोन्ही वेळा पोळपाटातही गेला.

"यावर आता पोळ्याही तुम्हीच लाटा," अलका म्हणाली. मग आवाज बदलून, "आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या कधी करताय?"

म्हणजे मुद्दा असा की काहीही न करता माझं वजन उतरतं आहे. मी संस्कृतात एम.ए. केलं आणि त्यानंतर जे करता येतं ते केलं, म्हणजे विमा कंपनीत नोकरी. 'काळजीचं काही नसतं, तपासण्या करून घ्या,' हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे की ते आता माझ्यावर चालत नाही.

पण त्या पहिल्या भोकानं एक झालं. खिळा आत जाताना चामड्याचा जो वास आला, कोरडा, थोडा धुरकट, थोडा जुन्या लाकडासारखा, तो नाकात राहिला. मी टोचायची एक आरी आणली, मग चामडं कापायची रापी, मग मेण लावलेला दोरा. पाकीट शिवलं. ते पाकीट आहे हे सांगावं लागत असे, पण शिवलं. आईनं सामान घरात आणू दिलं नाही, म्हणून माझा कारखाना बाल्कनीत, तुळशीपासून सुरक्षित अंतरावर आहे. ऋषी काळविटाच्या कातड्यावर बसून तप करत, हे मी तिला सांगून पाहिलं. "ते ऋषी होते," ती म्हणाली.

हळूहळू फोनवर आमच्यासारख्यांचा एक गट सापडला. नाव 'दोन सुया'. चामडं शिवताना एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी घालतात, त्यावरून. गटात धसईच्या प्रमिलाताई आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. डोळखांबकडचे सुदाम आहेत, ते शहापूरजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जातात आणि उरलेल्या वेळात भात, नाचणी आणि चामडं करतात. मी पट्ट्याची तक्रार गटावर मांडली तेव्हा प्रमिलाताईंनी लिहिलं, "सर, इकडे या. एक पट्टा सुरुवातीपासून तुम्हीच बनवा." तपासण्या परत आल्यावर करू, असं मी घरी जाहीर केलं. अलकानं पिशवीत एक स्वेटर जास्तीचा घातला.

कल्याणहून मुरबाडची एसटी शनिवारी सकाळी धरली. जाणार असाल तर सकाळचीच धरा आणि डावीकडे बसा. रायत्याच्या पुलावर उल्हास नदी दिसली नाही, नदीच्या जागी पांढरं धुकं होतं आणि त्यातून एक म्हैस पाठीपुरती वर आलेली होती. हेमंताचे दिवस. भात कापून झालेलं, पेंढ्या शेतात आडव्या आणि दूर सह्याद्रीची भिंत अशी फिकट की कुणी ओल्या बोटानं पुसत आणलेली. खिडकीला डोकं टेकून मी अर्धा झोपेत, अर्धा त्या भिंतीत होतो. मुरबाड स्टँडवर कंडक्टरनं हाक मारून उठवलं. स्टँडसमोर चहा बरा मिळतो. धसईच्या गाडीला वेळ असतो, सुटे पैसे जवळ ठेवा आणि घाई घरी ठेवून या. गाडीत भाजीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या, धसईच्या बाजारातून भरून न्यायला निघालेल्या.

प्रमिलाताईंचं घर बाजारापासून चालत जाण्यासारखं आहे. पडवीत टेबल, टेबलावर धारावीहून आणलेलं म्हशीचं कमावलेलं चामडं पसरलेलं. उन्हात ते मधासारखं दिसत होतं. जवळ गेल्यावर त्यावरच्या खुणा दिसू लागल्या. काट्याचा लांब ओरखडा, गोचिडांचे ठिपके, मानेकडच्या सुरकुत्या.

"दुकानदार हा भाग स्वस्तात देतो," प्रमिलाताई म्हणाल्या. "डाग म्हणतो त्याला. मला हाच आवडतो. कुठं चरली, कुठं घुसली, सगळं दिसतं."

आरामखुर्चीत त्यांचे वडील बसले होते. आबा. सरकारी नोकरीतून निवृत्त, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घरात जेवायला घालत नाय काय तुमाला?"

"घालतात. लागत नाही."

"हां." त्यांनी मुलीच्या टेबलाकडे हनुवटी केली. "हे सगळं पडवीतच हां. उंबऱ्याच्या आत नाय. आमच्या वडलांनी दीक्षा घेतली, तेव्हा पयलं काय केलं तर मेलेलं ढोर ओढायचं टाकलं. गावानं बोलणं टाकलं, पाणी अडवलं, तरी हात लावला नाय. आनि ही पगारातले पैसे घालून इकत आणते."

"आबा, ते ओढायला लावत होते. मला कुणी लावत नाही," प्रमिलाताई रापीला धार लावता लावता म्हणाल्या. हे संभाषण दर शनिवारी होत असावं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं.

माझ्या आईचाही असाच नियम आहे, मी बाल्कनीत बसतो, असं मी सांगितलं. आबा पहिल्यांदा हसले.

"म्हंजे तुमची आई नि मी एका मताची. कारणं तेवढी तिला इचारू नका." मग थोड्या वेळानं, "तुमी हे करता तर तुमाला कुनी नावं नाय ठेवली?"

मी आठवून पाहिलं. "नाही. ऑफिसात कौतुक केलं."

"हां," आबा म्हणाले.

दुपार पट्ट्यात गेली. लोखंडी पट्टी धरून रापीनं एका दमात चामडं कापायचं, मध्ये थांबलं की कडेला दात पडतात. माझ्या पट्टीला तीन दात पडले. मग कडा घासायच्या, पाण्याचं बोट फिरवायचं, जाड कापडानं चोळत राहायचं, इतकं की कड काचेसारखी लागते. हे काम करताना माणूस कुठं असतो ते कळत नाही. बाजूला कोंबडी माती उकरत होती, लांब कुणीतरी खळ्यावर भात झोडत होतं, त्याचा ठोका आणि माझ्या हाताचा ठोका एक झाला आणि मधला तासभर मला वजन नव्हतं, पण त्या अर्थानं नव्हे. शेवटी दोन सुयांनी बक्कल शिवलं. तिळाचं तेल आणि एरंडेल चोळल्यावर पट्टा गडद होत गेला, संध्याकाळसारखा.

भोकं मात्र सुदामकडे, कारण गोल भोक कापणारा नीट पंच त्यांच्याकडेच आहे. प्रमिलाताई म्हणाल्या, "खिळ्यानं पाडलेलं भोक फाटत जातं सर. पंचानं चामडं कापून काढावं लागतं. आणि चुकलं तर बुजवता येत नाही."

रात्री पडवीतच झोपलो. चामड्याच्या आणि पेंढ्याच्या वासात इतकी गाढ झोप लागली की बऱ्याच महिन्यांनी सकाळी पहिला विचार कंबरेचा आला नाही.

रविवारी आम्ही दोघं प्रमिलाताईंच्या स्कूटरवरून निघालो. सरळगाव, किन्हवली, मग रस्ता अरुंद होत डोंगरात शिरतो. फोनची रेंज जाते, पेट्रोल आधी भरून घ्या. डोळखांबच्या पुढे सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली आणि स्कूटर त्यावरून गेली की कुणी पापड मोडतंय असा आवाज. काही पाड्यांतली दारं कुलूपबंद होती. भात झालं की माणसं वीटभट्ट्यांवर जातात, प्रमिलाताईंच्या वर्गातली मुलंही त्यांच्याबरोबर जातात. त्या हे सांगताना मागे वळल्या नाहीत.

सुदाम अंगणात वाट पाहत होते. इकडे कोयता कंबरेला मागे लाकडाच्या आकडीत अडकवतात. सुदामनी त्यासाठी चामड्याचं म्यान बनवायला घेतलं आहे, आणि आसपासच्या पाड्यांतून मागणी आहे.

"आकडी लावून बाइकवर बसलं ना काका, तर मागच्यानं उतरून चालत यायचं," ते म्हणाले. "आता म्यानामुळे मागं बायको बसते. आधी बरं होतं."

"ऐकते मी," घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "भाकऱ्या मोजून टाकीन."

नाचणीची भाकरी, वालाची उसळ आणि लसणाची चटणी. मी एक भाकरी खाल्ली, वहिनींनी दुसरी विचारल्याशिवाय वाढली.

जेवणानंतर सुदामनी हात पुसले आणि माझा नवा पट्टा बोटांतून फिरवला. कडेच्या तीन दातांवर अंगठा थांबला आणि सज्जनपणे पुढे सरकला. मग म्हणाले, "जुना काढा."

"जुना कशाला?"

"कंबर मोजायची नाय कधी. टेप लावला की मानूस पोट आत घेतो. जुना पट्टा खोटं बोलत नाय. ज्या भोकाला जास्त घासलंय, बक्कलापासून तिथवर माप. ते नव्याचं मधलं. टोकाकडची दोन सणासुदीची, बक्कलाकडची दोन दुखण्याची. आमी असंच करतो."

मी पट्टा काढून दिला आणि एका हातानं पँट धरून उभा राहिलो. एवढ्या गंभीर प्रसंगाला मला दुसरी मुद्रा जमली नाही. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला. दुसऱ्या-तिसऱ्या भोकांपाशी चामडं खोलगट, काळपट झालेलं, वर्षानुवर्षांचं. त्यानंतर चौथं, पाचवं, नुसत्या सुरकुत्या. मग खिळ्याची दोन, ताजी, कडा फाटलेली.

"ही दोन कवाची?"

"यंदाचीच."

सुदामनी प्रमिलाताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगणात वाळत घातलेल्या नाचणीवरून एक चिमणी उडाली.

"मग मधलं कुठं धरू काका? जुनं धरलं तर पँट कोन धरनार, मी? नि आजचं धरलं..." ते थांबले. आजचं धरलं तर त्याच्याही आत दुखण्याची दोन पाडावी लागणार होती. ते आम्हा तिघांनाही दिसलं.

मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, जुनंच धरा, मी परत जाड होईन.

"होशाल ना," सुदाम म्हणाले. "पन डॉक्टर काय बोलला?"

"तपासण्या करायच्यात."

"केल्या नाय?"

"तुमच्याकडे आलो."

यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पट्टा घडी न घालता गोल गुंडाळला, दोऱ्यानं बांधला आणि वर पंच ठेवला.

"भोक मी नाय पाडत. चुकलं तर बुजत नाय. तपासण्या करा, काय ते कळू द्या, मग तुमी तुमच्या हातानं पाडा. आनि पंच माझा एकच हाय. परत द्यायला या."

परतीला शहापूरपर्यंत शेअर जीप, तिथून आसनगाव स्टेशनला रिक्षा. शहापुरात उतरलो तेव्हा दिवस कलत होता आणि डोंगरावरचा उजेड म्हशीच्या चामड्याच्या रंगाचा झाला होता, मध आणि धूर. चहाच्या टपरीवर बसून पिशवीत हात घातला. पट्ट्याची कड गुळगुळीत लागली, पंच गार.

दोन दिवसांत काय काय मिळालं ते मोजत होतो. जायला-यायला खर्च फार होत नाही, थंडीत जा, पुलावर धुकं बघा, कुणाच्या पडवीत जागा मिळाली तर झोपा. आबांचं ते 'हां' माझ्याबरोबर आलं आहे. माझ्या छंदाला कौतुक मिळतं आणि प्रमिलाताईंच्या छंदाला दर शनिवारी उत्तर द्यावं लागतं, हे आता रापी हातात घेताना आठवतं. आणि आठवावं.

घरी आलो. आईनं पट्टा बाल्कनीतच ठेवायला लावला. अलकानं तो उघडून पाहिला, दोन्ही बाजूंनी, आणि विचारलं, "भोकं कुठायत?"

मी म्हटलं, बुधवारी सकाळी उपाशीपोटी जायचं आहे, तू येशील का. ती हो म्हणाली आणि पट्टा पुन्हा तसाच गुंडाळला.

पट्टा बाल्कनीत आहे, पंच त्याच्या मधोमध. पाच भोकांची तक्रार मी मागे घेतो. मी इतका का वाळत चाललो आहे ते मला माहीत नाही. आणि बुधवारनंतर ते माहीत होईल, याची मला भीती वाटते.