सरोजाच्या मांडवातली पेशवाई

कुंभकोणमला फुलांचं दुकान चालवलं की किस्से शोधावे लागत नाहीत, देठांसारखे पायाशी साचतात! पण माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, स्वतःच्या मुलीच्या लग्नात जे साचवलं त्याला तोड नाही.

सरोजाचा नवरा पुण्याचा. आमची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती तशीच राहिली. अण्णाला एकच धास्ती, "तेनीं अम्हांस परकें म्हणूं नये!"

मुलाकडच्यांनी मीनलताई नावाच्या डेकोरेटर पाठवल्या. त्या म्हणाल्या, "थीम पेशवाई हवी."

अण्णा गोंधळला. "पेशवे अम्हांस कोठें माहीत, ताई? अम्ही तेंच्या पूर्वींच निघालों की!"

*

मोगरा घ्यायला ताईंना बाजारात नेलं. इथे गजरा हातानं मोजतात, कोपरापासून बोटांपर्यंत एक मुळम. ताईंनी मला विचारायला लावलं, "पण हात कुणाचा?"

फूलवाली म्हणाली, "विकणारीचा!"

ताई उरलेला दिवस सगळ्यांचे हात बघत होत्या.

*

मग त्यांनी जपानी रचना केली. उथळ ताट, तीन काटक्या, एक कमळ. अण्णाला दया आली. ताई कॉफीला गेल्या तेवढ्यात त्यानं त्यात टोपलीभर शेवंती कोंबली!

"अहो, मोकळी जागा हीच तर त्यातली कला!"

"जागा मोकळी ठेविल्यास लोक म्हणतील, बापाकडचीं फुलें सरलीं!"

मला दोघांचंही पटलं. म्हणजे काहीच कळलं नाही.

*

लग्नाची सकाळ. दारात पाकळ्यांनी देवनागरीत दोन नावं काढलेली, सरोजा आणि अथर्व. तमिळमध्ये त, थ, द, ध सगळ्यांना एकच अक्षर, त्यामुळे अण्णाच्या हातून जावई झाला होता 'अदर्व'! अण्णाला शंका आली, पण वऱ्हाड कोपऱ्यावर पोचलेलं. जाता जाता ओरडला, "ताई, नवऱ्याचें नांव पुसून काढा!"

ताई दचकल्या. "पुसून?"

"होय की! नीट पुसा! चूक व्हावयास नको!"

ताईंनी केरसुणी घेतली.

वऱ्हाड दारात आलं. खाली एकटी सरोजा. मुलाच्या आईचा चेहरा पडला. "आमच्या मुलाचं नाव कुठाय?"

अण्णा अभिमानानं पुढे झाला. "मींच पुसावयास सांगितलें!"

सरोजा रडायच्या बेतात. मला वाटलं, संपली सोयरीक.

तेवढ्यात अथर्व हसला. वर्षभर फोनवर सरोजाशी बोलून बोलून तो आमची भाषा शिकला होता, आमच्यात पुसणं म्हणजे विचारणं हे त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "अण्णा, मग मलाच कां नाहीं पुसलें?"

त्याच्या आईनं त्याचा दंड घट्ट धरला.