जाई, जुई आणि उस्मानमास्तरांची न झालेली चूक

उस्मानमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सर्कशीच्या तंबूत नव्हे, तर भिंगारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळावर. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. बायकांच्या रांगेत दोन घागरी घेऊन एक धिप्पाड, झुपकेदार मिशांचे गृहस्थ मुकाट्याने उभे होते. पुरुषमाणसाने पाणी भरायची आमच्याकडे रीत नव्हती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या पारूबाईंनी लगेच टोला हाणला, "काय मास्तर, वाघाला भीत न्हाई म्हनं तुमी, अन् घरी बायकूला भिता व्हय?"

मास्तर घागर पुढे सरकवत म्हणाले, "पारूबाई, वाघीण पिंजऱ्यात असते. घरची मोकळी आहे."

सगळी रांग हसली. तेव्हा मला कळलं की हे सर्कशीत वाघांना शिकवतात, वर्षातले जेमतेम दोन महिने घरी असतात, आणि त्या दोन महिन्यांत जैनबभाभींना नळावर येऊ देत नाहीत. "बाकीचे दहा महिने तीच भरते की," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी मॅट्रिक झालेली, घरसंसार करणारी बाई. भजनी मंडळाचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून अक्षर वळणदार आहे, इतकंच. मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मागून घेतलं. त्याचं कारण असं की अंकाच्या समितीच्या बैठकीत माहिती द्यायला मास्तरांनाही बोलावलं होतं, आणि एक सभासद अगदी कौतुकानेच म्हणाले, "चाळीस वर्षांत मास्तरांच्या हातून चूक झाली ती एकच. ती जाई-जुईची." सर्वांनी माना डोलावल्या. मास्तरांनीही डोलावली. भजनी मंडळातर्फे मी सतरंजीच्या टोकाला बसले होते. ती चूक कुणाची होती हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्या दोघांपैकी एक जण शांतपणे चहा पीत होते. मी माझा कप तसाच खाली ठेवला. म्हणून हा लेख.

आधी मास्तरांच्या कामाविषयी. त्यांच्या हातात हंटर असे, पण तो फक्त हवेत वाजवायला. एकदा नव्याने लागलेल्या एका शिकवणाऱ्याने जाई या वाघिणीच्या पाठीवर तो ओढला. मास्तरांनी आवाज चढवला नाही. हंटर काढून घेतला, नीट गुंडाळला आणि म्हणाले, "हा एकदा अंगाला लागला की तिचं लक्ष खेळात राहत नाही, हंटरवर राहतं. मग आपलं काही खरं नाही." जनावरांचं खाणं झाल्याशिवाय ते स्वतः ताटावर बसत नसत. सर्कशीचा मुक्काम भिंगारला असला की भाभी चिडत. "ही माझ्या सवतींची पंगत कधी उठायची?" असं मला आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून ऐकू येई.

जाई आणि जुई या दोन वाघिणी. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच वेळी सर्कशीतच जन्मलेल्या. मास्तरांनी त्यांना बाटलीने दूध पाजून वाढवलं. एका पिंजऱ्यात राहायच्या, एकमेकींच्या मानेवर मान टाकून झोपायच्या. खेळात दोघी एकाच परातीतून दूध प्यायच्या. तो खेळ पाहायला लोक राहुरीहून सुद्धा येत.

एकदा मास्तरांनी सांगितलं, "ताई, आमच्या वाघिणींना आठवड्यातून एक दिवस खायला देत नाहीत. पोट साफ राहतं. त्यांचा दिवस सोमवार."

मी स्वतः सोमवार करते. मला इतका आनंद झाला की काय सांगू! "म्हणजे त्याही शंकराच्या उपाशी?"

"उपाशी खऱ्या," मास्तर म्हणाले, "पण सोडायला साबुदाणा चालत नाही."

त्यांनी थट्टा केली, पण माझ्या मनात त्या वाघिणी त्या दिवसापासून देवीच्या झाल्या.

आता ते नवरात्र. दोन वर्षं झाली. पावसाने सलग दगा दिला होता, माणसं सडकेच्या कामावर जात होती, घरोघरी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या होत्या. सर्कशीचा मुक्काम भिंगारच्या मैदानावर होता आणि अर्धा तंबू रिकामा राहत होता. खंडेनवमीला सर्कशीतली मंडळी झुल्याच्या दोरांची, पिंजऱ्यांची, हंटरची पूजा करतात. मास्तरांनी आम्हां शेजारणींना बोलावलं. मी त्यांना विचारलं, "देवीच्या वाहनाला माझ्या हातचं उटणं लावाल का?" मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "तुम्ही इतक्या भावानं आणलंय. लावतो."

उटणं मी घरी कुटलं होतं. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. ते तिळाच्या तेलात कालवलेलं. त्या दिवसांत तेल म्हणजे काय होतं हे वाचकांना सांगायला नको. पुरवून वापरायची माझी सवय. मी हिशोब केला, देवीचं वाहन एकच असतं. एकीला लावलं की पोचलं. निम्मं डब्यात राखून ठेवलं, नरकचतुर्दशीला होईल म्हणून.

पिंजऱ्याच्या मधोमध सरकता दरवाजा होता. जाईला अलीकडच्या भागात घेतलं. मास्तरांनी गजांतून हात घालून तिच्या कपाळाला, मानेला, पाठीला उटणं चोळलं. ती मांजरासारखी अंग घासत होती. वर मी बुक्का लावायला दिला. पलीकडे जुई दाराशी येऊन नाक फेंदारत होती. मास्तरांनी ते पाहिलं. म्हणाले, "थांबा जरा." आणि मी, मीच म्हणाले, "मास्तर, निरांजन विझतंय. दोघींना एकत्रच ओवाळते, दार उघडा ना!"

त्यांनी उघडलं.

पुढचं मी फक्त ऐकलं, कारण देवीचं नाव घेत मी डोळे मिटले होते. डोळे उघडले तेव्हा जुईने जाईला खाली पाडलं होतं, जाईचा कान फाटला होता आणि मास्तर गजांतून बादलीभर पाणी मारत, एका हाताने दरवाजा ओढत होते. दरवाजा लागला. पण जुईचा पंजा त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत उतरला होता. पारूबाई किंचाळल्या, "अगं बया, येडी झाली ती!" माझ्या हातातलं तबक कुठे पडलं, मला आठवत नाही.

मास्तरांना टाके पडले. सर्कशीच्या व्यवस्थापकांनी सांगून टाकलं की जुई पिसाळली. जी सख्ख्या बहिणीला सोडत नाही ती उद्या माणसाला सोडणार नाही. मुक्काम हलायला बारा दिवस आहेत, तोवर दोघी पुन्हा एकत्र नांदल्या तर ठीक, नाहीतर जुईला गोळी घालावी लागेल. गल्लीत कुणी उन्हाचं कारण सांगे, कुणी करणीचं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबू-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला गेले.

मास्तर जाईच्या पिंजऱ्याशी बसले होते, हात गळ्यात बांधलेला. लिंबाला हसले नाहीत. म्हणाले, "काढा दृष्ट. मग मला सांगा, काल उटण्यात काय काय होतं?"

मी एकेक नाव सांगितलं. ते ऐकत होते, आणि जाईखालचं पोतं ओढून पुन्हा पुन्हा वास घेत होते.

"ताई, आपण तोंड बघून ओळखतो. ही जनावरं नाकानं ओळखतात. जाईच्या अंगाला जाईचा वासच राहिला नव्हता. जुईच्या घरात काल बहीण नाही आली. बहिणीचं तोंड घेऊन कुणी परकी आली. जुई वेडी नाही. तिनं घर राखलं."

मला उमगायला थोडा वेळ लागला. मग मी खालीच बसले. "म्हणजे हे माझ्यामुळे झालं. मी आत्ता जाते, त्या व्यवस्थापकांना सांगते."

"काही सांगायचं नाही," मास्तर म्हणाले. इतक्या करड्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "तुम्ही सांगाल, अन् उद्या गावभर होईल की पूजेनं वाघीण बाटली. कुणी तुमच्या देवीला बोलेल, कुणी मला बोलेल. दार कुणी उघडलं? मी. दार उघडणाऱ्यानं विचार करायचा असतो. चूक माझी, मी तसं कळवलंय."

मी रडत होते. मास्तरांचा नेहमीचा आवाज परत आला.

"अन् ताई, तुमची पूजा अर्धी राहिलीय. एकीचीच केलीत. दुसरीचं उटणं कुठंय?"

"डब्यात आहे," मी म्हणाले. "निम्मं राखून ठेवलंय."

मास्तर मग मोठ्याने हसले. "तेच? त्याच कुटलेल्यातलं? अल्ला, या बाईची काटकसर सलामत ठेव!"

त्या दिवसापासून मी रोज दुपारी डबा घेऊन जात होते. मास्तरांनी लांब काठीला फडकं बांधलं आणि दोघींच्या अंगाला एकच वास यावा म्हणून त्याच उटण्याचा थोडा थोडा हात दोघींना देऊ लागले. जाईची जखम टाळून. जाईचं पोतं जुईखाली, जुईचं जाईखाली. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींचं खाणं ठेवायचं, पहिल्या दिवशी दूर, मग रोज हातभर जवळ. पहिले तीन दिवस जुई गुरगुरत दारावर धडका मारी. चौथ्या दिवशी नुसती गुरगुरली. सोमवारी दोघींचा उपास होता, माझाही होता. मी पिंजऱ्यासमोर जप करत बसले, मास्तर शेजारी तसबीचे मणी ओढत बसले. पारूबाई वाकून म्हणाल्या, "दोगांचे दोन देव कामाला लागल्यात, आता वाघिनीची काय बिशाद!"

अकराव्या दिवशी सकाळी मास्तर मला म्हणाले, "आज." व्यवस्थापक बंदूकवाल्या माणसाला घेऊन दहा पावलांवर उभे राहिले. मास्तर एक लाकडी स्टूल घेऊन स्वतः पिंजऱ्यात गेले. टाक्यांचा हात अजून गळ्यातच होता. भाभी माझा दंड धरून उभ्या होत्या. त्यांच्या बांगड्यांचे वळ मला दोन दिवस दिसत होते. मास्तरांनी डाव्या हाताने दरवाजा सरकवला.

जुई पुढे आली. जाई मागे सरकून फिसकारली. जुई थांबली, मान लांब करून तिने जाईच्या मानेचा वास घेतला, मग पाठीचा. किती वेळ घेतला! बंदूकवाल्याने बंदूक वर केली. मास्तरांनी त्याच्याकडे न बघता नुसता तळहात दाखवला. आणि मग जुईच्या नाकातून आवाज आला, फुर्र, फुर्र. मास्तर कुजबुजले, "ओळखलं." जाईनेही तसाच आवाज दिला. जुईने तिचा फाटका कान चाटायला सुरुवात केली, आणि चाटता चाटता तिच्या मानेवर मान टाकून बसली.

भाभी ओरडल्या, "या अल्ला!" मी ओरडले, "उदे गं अंबे उदे!" बंदूकवाला बंदूक खाली टाकून टाळ्या वाजवत होता. संध्याकाळच्या खेळाला, दुष्काळ असो की काही असो, तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. दोघी एका परातीतून दूध प्यायल्या, आणि परात रिकामी होईपर्यंत एकाही माणसाने श्वास घेतला नसेल. मग जो गजर झाला तो गल्लीत घरी राहिलेल्या सासूबाईंनीही ऐकला.

जुई वाचली. पण मास्तरांच्या नावावर 'म्हातारपणी हातून चूक झाली' हे चिकटलं. दुसऱ्या सर्कशींतही ते पोचलं. मास्तरांनी एका शब्दाने खोडलं नाही; भाभींनाही सांगितलं नाही. या दोन वर्षांत मी कितीदा म्हटलं, "मास्तर, आता तरी सांगू द्या." त्यांचं एकच, "तुमचं उटणं चांगलं होतं, ताई. कमी पडलं एवढंच."

म्हणून आज, त्यांना न विचारता, मी समितीला आणि सर्व वाचकांना सांगते आहे. चाळीस वर्षांतली ती एक चूकही मास्तरांची नव्हती. ती माझी होती. त्यांच्या खात्यावर जे आहे ते एवढंच, की त्यांनी एका वाघिणीचा जीव राखला आणि एका शेजारणीची लाज राखली. भाभी, हे वाचून तुम्ही मला काय बोलायचं ते भिंतीवरून बोला, मी ऐकून घेईन.

यंदा मास्तर सर्कशीतून निवृत्त होऊन कायमचे घरी आले आहेत आणि पुन्हा नळावर दिसू लागले आहेत. भरलेल्या दोन घागरी उचलताना तो टाक्यांचा हात अजून थरथरत नाही. तो तसाच राहो. देवी त्यांना आणि भाभींना इतकं आयुष्य देवो की नळावर त्यांची थट्टा करायला आमच्या सुना उभ्या राहोत. जाई-जुई आता दूरच्या मुक्कामी आहेत, पण गेल्या नवमीला मास्तर त्यांच्यासाठी माझ्याकडून उटणं घेऊन गेले होते, आणि यंदा ते पाठवणार आहेत. यंदाचं कुटून झालं आहे. पुड्या दोन बांधल्या आहेत, आणि या वेळी डब्यात काहीही राखून ठेवलेलं नाही.